पुस्तके हरवण्याची परवानगी द्या

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई यांस



गेली 23 वर्षे मी बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या शाळेत पाचवी ते दहावीच्या वर्गांना मराठी शिकवते. 2024 च्या ऑगस्टमधला एक तास आधी तुमच्यापुढे मांडते. या पत्रातली मागणी त्याच तासातून निघाली आहे.

आठवीचा वर्ग, प्रकट वाचन चालले होते. एका मुलाची पाळी आली. तो उभा राहिला आणि पाठाचा पहिला परिच्छेद धडाधड म्हणून गेला. कुठे अडला नाही. मी शाबासकी देणार, एवढ्यात माझे लक्ष त्याच्या बोटाकडे गेले. तोंड परिच्छेदाच्या शेवटाला पोचले होते आणि बोट अजून दुसऱ्याच ओळीवर होते. शेजारच्या मुलाचे विज्ञानाचे पुस्तक मधेच उघडून मी त्याच्या हातात दिले. तो गप्प झाला. मग पहिले अक्षर पाहून अंदाजाने शब्द लावू लागला. 'अभिसरण' होते तिथे 'अभिनंदन' म्हणाला, 'विद्युत' होते तिथे 'विद्यार्थी'. वर्ग हसला. मी वर्गाला गप्प केले आणि त्याला खाली बसवले.

शाळा सुटल्यावर तो फाटकाजवळ थांबला होता. मान खाली घालून म्हणाला, "मॅडम, घरी मुकादमाचा कागद मलाच वाचायला लावतात."

त्याचे आईवडील ऊसतोडीला जातात. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ रक्कम घ्यायची, कागदावर सही नाहीतर अंगठा करायचा आणि कारखान्याची वाट धरायची, हे आमच्या भागात दरसाल चालते. त्या घरात शाळेत जाणारा तो थोरला. कागदावरचा आकडा त्याला वाचता येत होता. आकड्याच्या आगेमागे काय लिहिले आहे ते मात्र त्याने दोन वर्षे अंदाजाने सांगितले होते आणि त्याच्या भरवशावर बापाने सही केली होती. हे सांगताना त्याचा आवाज कापत होता. वर्गात मुले हसली, त्याचे त्याला फार वाटले नव्हते.

मंत्रिमहोदय, असा हा एकटाच मुलगा नाही. 'असर' या शैक्षणिक अहवालाच्या 2023 च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण भागातली 14 ते 18 वयाची मुले तपासली गेली. दुसरीच्या पातळीचा, स्वतःच्याच भाषेतला उतारा त्यांच्यापैकी सुमारे चौथाई मुलांना अस्खलित वाचता आला नाही. ज्या वयात मतदार यादीत नाव लागते, पहिली मोटारसायकल येते, मुलींची लग्ने ठरू लागतात, त्या वयातली ही मुले. माझ्या शाळेतले चित्र याहून वेगळे आहे, असे मला छातीठोकपणे सांगता येणार नाही.

केंद्राचे 'निपुण भारत' अभियान 5 जुलै 2021 रोजी सुरू झाले. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता आले पाहिजे आणि 2026-27 पर्यंत हे साधायचे, असे त्याचे उद्दिष्ट. उद्दिष्ट योग्यच आहे, खालच्या वर्गांत त्याचे काम होते आहे. पण अभियान सुरू झाले तेव्हा जी मुले तिसरीच्या पुढे निघून गेली होती, त्यांच्याकडे कोणी पाहायचे? शिवाय जून 2020 मध्ये ज्यांचे नाव पहिलीत घातले त्यांना कोरोनामुळे शाळेची खोली दिसली नाही, बाईंचा हात धरून अक्षर गिरवायला मिळाले नाही, आणि दुसरीचेही बरेचसे वर्ष तसेच गेले. ती मुले जून 2025 मध्ये सहावीत बसली. मी सांगते आहे तो मुलगा जून 2020 मध्ये चौथीत होता. त्याच्या घरी शिकायला मोबाइल नव्हता. त्या वर्षी जे थोडे येत होते तेही पुसले गेले, आणि पुढे दरवर्षी तो वरच्या वर्गात जात राहिला.

आपल्या शाळांमध्ये एक समजूत घट्ट बसली आहे. तिसरी-चौथीपर्यंत मुलाने वाचायला शिकायचे आणि तिथून पुढे वाचून शिकायचे. त्यामुळे पाचवीच्या पुढे वाचायला शिकवणे हे कोणाचेच काम उरत नाही. विज्ञानाचे शिक्षक 'प्रकाशसंश्लेषण' समजावून सांगतात, नागरिकशास्त्राचे 'धर्मनिरपेक्ष', गणिताचे 'लघुत्तम साधारण विभाज्य'. मुलाला त्यातले काही कळले नाही तर तो त्या त्या विषयात कच्चा ठरतो. तो शब्दच त्याला वाचता आलेला नाही, ही शंका क्वचित कोणाला येते. गणिताच्या शिक्षकांनी एकदा मला सांगितले, "आकडेमोड करतात हो पोरं, शाब्दिक उदाहरण आलं की हात वर." मी तेच उदाहरण मुलांना मोठ्याने वाचून दाखवले. अर्ध्या मुलांनी सोडवले.

यात आम्हा शिक्षकांचाही दोष आहे आणि तो मी कबूल करते. मी बी.एड. केले तेव्हा पाठाचे टाचण काढायला शिकले, काव्याचे रसग्रहण कसे घ्यावे ते शिकले. चौदा वर्षांच्या मुलाला जोडाक्षर कसे शिकवावे, हे मला कोणी शिकवले नव्हते. ते मी त्या मुलाकडून शिकले.

परिपाठाच्या आधी अर्धा तास मी 12 मुलांना बसवू लागले. पहिल्या दिवशी दुसरीचे पुस्तक नेले, ती माझी चूक. मुलांनी ते उघडलेही नाही. एक जण म्हणाला, "आम्ही काय बालवाडीतली पोरं आहोत का?" त्यांचे वाचन दुसरीचे होते, पण वय आठवीचे होते. मग मी एसटीच्या पाट्या लिहून आणल्या. खताच्या रिकाम्या पोत्यावरचा मजकूर, वर्तमानपत्रातले बाजारभाव, क्रिकेटच्या बातम्या, कबड्डीच्या स्पर्धेचे पत्रक असे एकेक आणत गेले. अडत होते ते जोडाक्षरांपाशी, त्यातही 'र'पाशी. 'र' हे एकच अक्षर. पण 'क्रम'मध्ये ते तिरकी रेघ होते, 'ट्रक'मध्ये खाली खूण होऊन बसते, 'सूर्य'मध्ये डोक्यावर रफार होते आणि 'दऱ्या'मध्ये आणखी निराळे दिसते. पहिली-दुसरीत हे सुटले की पुढे कोणी शिकवत नाही.

हा मुलगा 'ट्रॅक्टर' हा शब्द लांबूनही ओळखायचा. तो त्याने अक्षरांनी वाचलेला नव्हता. त्याच्या दृष्टीने ते एक चित्र होते. मी तो शब्द फळ्यावर फोडला. 'ट्र' वेगळा काढला आणि त्याच्यापुढे ट्रक, ट्रॉली, पेट्रोल लिहिले. 'क्ट' घेऊन डॉक्टर, ऑक्टोबर, फॅक्टरी लिहिले. मग 'राष्ट्र' लिहिले. तो बराच वेळ पाहत राहिला. बोटाने 'ष' झाकला, पुन्हा उघडला आणि म्हणाला, "मॅडम, म्हणजे महाराष्ट्रात ट्रकचा ट्र आहे." आठ वर्षे तो आपल्या राज्याचे नाव चित्रासारखे पाहत आला होता. त्या दिवशी त्याने ते वाचले.

दिवाळीपर्यंत तो एक पान सावकाश, अडखळत, पण खरे वाचू लागला. ही काही चमत्काराची गोष्ट नाही. 12 पैकी 7 मुले वर्षअखेर साधे पान वाचू लागली, 3 अजून मागे आहेत, दोघांनी शाळा सोडली. पण अर्ध्या तासात, रोजच्या रोज, कुठलाही खर्च न करता हे झाले. आठवीत वेळ निघून गेलेली नसते, हे मला आता पक्के माहीत आहे.

खरी अडचण त्यानंतर आली. वाचायला येऊ लागलेल्या मुलाला वाचायला काय द्यायचे?

आमच्या शाळेचे ग्रंथालय म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीतले एक लोखंडी कपाट. त्याला कुलूप असते. आत पुस्तके चांगली आहेत. साने गुरुजी आहेत, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहे, माधुरी पुरंदरे यांची पुस्तके आहेत. पण बऱ्याच पुस्तकांची पाने अजून एकमेकांना चिकटलेली आहेत, कारण ती कोणी उघडलेलीच नाहीत. आमचे मुख्याध्यापक भले गृहस्थ आहेत. कुलूप त्यांनी दुष्टपणाने लावलेले नाही. प्रत्येक पुस्तक नोंदवहीत चढलेले असते. बदली झाली की चार्ज देताना पुस्तके मोजली जातात आणि जितकी कमी भरतील तितकी ज्याच्या ताब्यात होती त्याच्याकडून वसूल होतात. माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेला निवृत्त होताना 38 पुस्तकांचे पैसे भरल्यावरच ना-देय प्रमाणपत्र मिळाले. त्या बाईंनी आयुष्यभर मुलांना घरी पुस्तके नेऊ दिली होती. ज्यांनी कपाट कधी उघडलेच नाही, त्यांचा हिशेब मात्र चोख निघाला. हे पाहिल्यावर दुसरा कोणता शिक्षक मुलांच्या हातात पुस्तक देईल?

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत लिहिले आहे की प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि तिथे वर्तमानपत्र, मासिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांवरची पुस्तके असावीत. तपासणीच्या तक्त्यात आमचे कपाट 'ग्रंथालय : आहे' असे लागते. माध्यमिक शाळांना ग्रंथपाल मिळतो तो पटसंख्येच्या निकषावर. आमच्यासारख्या लहान गावांतल्या शाळा त्या निकषात बसतच नाहीत. म्हणजे जिथे घरात एकही पुस्तक नाही, तिथल्याच मुलाला शाळेतही पुस्तक हाताळायला देणारा माणूस नाही.

नोव्हेंबरात तो मुलगा आईवडिलांबरोबर ऊसतोडीच्या फडावर निघाला. मी त्याला कपाटातले 'किशोर'चे तीन जुने अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिले. 'किशोर' हे बालभारतीचे मासिक. 1971 पासून निघते आहे आणि या वयाच्या मुलांसाठी मराठीत त्याच्या तोडीचे थोडेच काही आहे. एप्रिलमध्ये तो परत आला तेव्हा पिशवीत दोनच अंक होते. एकाचे मुखपृष्ठ चुलीच्या धुराने काळवंडले होते. तिसऱ्याबद्दल विचारले तर घाबरत म्हणाला, "शेजारच्या कोपीतल्या पोरांनी नेला, द्यायलाच तयार नव्हते. सारखे तेच वाचायचे, मॅडम."

तो अंक आमच्या शाळेच्या नोंदवहीत 'हरवला' असा लागला. मी त्याचे पैसे भरले. मला विचाराल तर त्या कपाटातल्या सगळ्या छापील कागदात सर्वांत जास्त उपयोगी पडलेला तोच एक अंक आहे.

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी 1906 मध्ये संस्थानात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण लागू केले. चारच वर्षांनी, 1910 मध्ये, त्यांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावून घेतले, गावोगाव वाचनालये काढली आणि लाकडी पेट्यांमधून पुस्तके खेड्यांत फिरती ठेवली. शाळेत शिकलेले अक्षर वाचायला काही मिळाले नाही तर विसरते, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. आजही नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा 'ग्रंथ तुमच्या दारी' हा उपक्रम पुस्तकांच्या पेट्याच लोकांपर्यंत पोचवतो. पालघर जिल्ह्यात 'क्वेस्ट' या संस्थेच्या 'गोष्टरंग'मधली नटमंडळी आश्रमशाळांत जाऊन पुस्तकातल्या गोष्टी मुलांपुढे करून दाखवतात आणि मुलांना त्या पुस्तकांकडे वळवतात. अमळनेरच्या छात्रालयातल्या मुलांसाठी साने गुरुजी स्वतः हाताने लिहून दैनिक काढत असत. या सगळ्यांनी पुस्तक किंवा मजकूर मुलाच्या हातापर्यंत नेला. तो परत जसाच्या तसा येईल का, याची चिंता पहिल्या क्रमांकावर ठेवली नाही.

कोणी म्हणेल, मोबाइलने वाचन घालवले. मी रोज जे पाहते ते सांगते. ज्याला वाचता येत नाही तो मोबाइलवर माइकचे बटण दाबून बोलतो आणि समोर येईल ते ऐकतो. मोबाइल त्याच्या हातात येण्याच्या आधीच वाचन सुटलेले होते, मोबाइलने ते लपवायला मदत केली. ज्याला वाचता येते त्याला त्याच मोबाइलवर 'किशोर'चे जुने अंक मोफत वाचता येतात, बालभारतीने ते ठेवलेले आहेत. यापेक्षा जास्त बोलण्यासारखे त्यात मला दिसत नाही.

मुलींबद्दल मात्र बोलले पाहिजे. नववीतली एक मुलगी उत्तम वाचते. फास्टर फेणेचे एक पुस्तक तिने मधल्या सुटीत तीन दिवसांत संपवले आणि विचारले, "मॅडम, याचं पुढचं आहे का?" मी म्हटले, घरी ने. ती म्हणाली, "घरी नको. घरी पुस्तक घेऊन बसले की आई म्हणते, काम नाही का तुला." सकाळी पाणी, संध्याकाळी भाकरी, धाकटा भाऊ, या सगळ्यातून तिला स्वतःचा म्हणावा असा वेळ मिळतो तो शाळेतच. आणि शाळेत तिच्यासाठी आहेत धड्याखालचे प्रश्न, गाईड आणि अपेक्षित प्रश्नसंच. दहावीच्या मराठीच्या 80 गुणांच्या कृतिपत्रिकेत अपठित गद्याला 4 गुण आहेत. न पाहिलेला मजकूर वाचून समजून घेणे, ज्याची तिला पुढे आयुष्यभर गरज पडणार आहे, त्याची शाळेतली किंमत एवढीच. मग शिक्षक आणि पालक बाकीच्या 76 गुणांमागे धावले तर त्यांना दोष कसा द्यायचा?

2015 पासून आपण 15 ऑक्टोबरला, डॉ. अब्दुल कलामांच्या जयंतीला, 'वाचन प्रेरणा दिन' साजरा करतो. त्या दिवशी आमचे कपाट उघडते. मुले रांगेत बसून पुस्तक हातात घेतात, फोटो निघतो, अहवाल वर जातो. त्या दिवसाला माझा विरोध नाही. त्या दिवशी मुलांचे चेहरे मी पाहिले आहेत. घंटा झाली तरी पुस्तक खाली न ठेवणारी मुले दरवर्षी निघतात आणि दरवर्षी ते पुस्तक त्यांच्या हातून काढून घेऊन मोजून परत कपाटात ठेवावे लागते. ते काम माझ्याकडे असते. मला ते आता करवत नाही.

म्हणून मागते. पाचवी ते नववीच्या वेळापत्रकात रोज एक तासिका वाचनाची छापली जावी. तिच्यावर गृहपाठ नको, गुण नकोत आणि पूर्वपरीक्षेच्या किंवा जादा तासाच्या नावाखाली ती कोणाला घेता येऊ नये. ज्यांना वाचता येते त्यांनी त्या वेळात आवडेल ते वाचावे. ज्यांना येत नाही त्यांना त्याच वेळात, वेगळ्या खोलीत, मान खाली घालावी लागणार नाही अशा रीतीने शिकवले जावे. त्यासाठी सहावीपासून वरच्या सगळ्या विषयांच्या शिक्षकांना मोठ्या मुलांना वाचायला कसे शिकवायचे याचे प्रशिक्षण द्या. विज्ञान आणि गणिताच्या शिक्षकांना तर आधी द्या. बालभारतीला सांगा की चौदा वर्षांच्या मुलाला लाज वाटणार नाहीत अशी, त्याच्या वयाच्या विषयांची पण सोप्या आणि छोट्या वाक्यांची पुस्तके काढावीत. शेती, यंत्रे, खेळ, गड, रहस्य, प्रेमसुद्धा. आणि या तासिकेची लिंक भरायला, फोटो टाकायला सांगू नका. तेवढा वेळही मुलांनाच लागतो.

या सगळ्याला पैसा आणि वेळ लागेल, हे मी समजते. पण एक गोष्ट अशी आहे की तिला तुमच्या एका सहीखेरीज काही लागत नाही. शालेय ग्रंथालयातली ठरावीक टक्के पुस्तके दरवर्षी हरवली, फाटली किंवा मुलांकडेच राहिली तर ती निर्लेखित करण्याचा अधिकार मुख्याध्यापकांना द्यावा, आणि त्यापोटी कोणाही शिक्षकाच्या पगारातून किंवा निवृत्तीच्या देण्यातून वसुली होणार नाही, असा शासन निर्णय काढा. दहा टक्के म्हणा, पाच म्हणा. आकडा तुम्ही ठरवा. नोंदवहीत 'हरवले' या रकान्याशेजारी 'मुलांकडे आहे' असा आणखी एक रकाना असू द्या. इतके झाले की कुलपे आपोआप निघतील, कारण ती लावण्यात आमच्यापैकी कोणालाही आनंद नाही.

तो मुलगा 2025 च्या जूनमध्ये नववीत आला. पहिल्या दिवशी त्याने सांगितले की या वर्षी मुकादमाचा कागद तो आधी घरी आणायला लावणार आहे आणि सही होण्याआधी दोनदा वाचणार आहे.

दिवाळीच्या सुमाराला आमच्याकडच्या टोळ्या पुन्हा निघतील. त्याआधी आपला निर्णय झाला, तर या वेळी फडावर जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पिशवीत मला कपाटातली तीन-तीन पुस्तके घालता येतील. कृपया तो त्याआधी करावा.

आपली विश्वासू,
मराठीची एक शिक्षिका
जिल्हा बीड